दशावताराच्या रात्री हातात धरून चार कॅमेरे: डी७५०, ए७ थ्री, एक्स-टी४ आणि ई-एम५ मार्क थ्री

आमच्याकडे जत्रेत दशावतार उभा राहायला रात्रीचा एक तरी वाजतो. पालखीची प्रदक्षिणा होते, ओट्या भरून होतात, खाज्याच्या दुकानांवरची गर्दी जरा पांगते आणि मग देवळासमोर हार्मोनियम, मृदंग, झांज लागतात. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. उजेड म्हणाल तर दोन हॅलोजन आणि हल्ली मंडळांनी स्वतःचे आणलेले लाल-निळे एलईडी. नाटक संपतं तेव्हा पूर्वेला फटफटलेलं असतं.

या उजेडात फोटो काढायचे तर ट्रायपॉडचं नावच काढू नका, कारण माणसं पोरंबाळं घेऊन पार रंगमंचाच्या कडेपर्यंत बसलेली असतात, तीन पाय रोवायला जागा कुठेय. आणि फ्लॅश मी मारत नाही. समोर राजा पदाला लागलेला असताना त्याच्या डोळ्यावर पांढरा झोत टाकणं बरोबर नाही, आणि ज्या पिवळ्या उजेडासाठी आपण रात्रभर जागतो तो उजेडच फ्लॅशने मरतो. तेव्हा कॅमेरा हातात, कोपर बरगडीला टेकवलेलं, आणि जे आहे त्यात काढायचं.

"रात्रीसाठी कुठला कॅमेरा घेऊ" हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. गेल्या सीझनला योगायोगाने माझ्या हातात चार कॅमेरे आले, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. माझा स्वतःचा निकॉन डी७५०, कुडाळच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा सोनी ए७ थ्री, पुण्याहून जत्रेला आलेल्या आतेभावाचा फुजीफिल्म एक्स-टी४, आणि मुंबईहून भाड्याने आणलेला ऑलिम्पस ई-एम५ मार्क थ्री. त्रिपुरी पौर्णिमेपासून मार्गशीर्ष संपेपर्यंत तीन जत्रा केल्या. लॅबमधली टेस्ट नाही ही, चार्ट बिर्ट काही लावला नाही. पण प्रत्येक कॅमेऱ्याने मी तीन जागा काढल्या: नाटक चालू असताना रंगमंच, नाटकाआधी देवळामागे चेहरा रंगवणारी माणसं, आणि गाभाऱ्यातली समई.

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याला पुढे वाचायला नको. तुमचा विषय हलतोय का स्थिर आहे, एवढ्यावर कॅमेरा ठरतो. ब्रँड, मेगापिक्सल, आयएसओचा, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो त्याचा, मोठा आकडा हे सगळं त्याच्या मागून. हलणाऱ्या माणसासाठी मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाची लेन्स, स्थिर गोष्टीसाठी हाताची थरथर सावरणारा चांगला स्टॅबिलायझर. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि दुकानात कोणी हे वेगळं करून सांगत नाही. सगळे एकच वाक्य बोलतात, लो लाइटला बेस्ट आहे सर.

आता जरा हिशेब. डी७५० आणि ए७ थ्री फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर. एक्स-टी४ चा एपीएस-सी, २३.५ बाय १५.६. ऑलिम्पसचा मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ बाय १३. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम हा ऑलिम्पसच्या जवळजवळ चौपट भरतो. चौपट म्हणजे फोटोच्या भाषेत दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), त्यामुळे तितकीच एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं) लावून ऑलिम्पसवर आयएसओ १६०० ला जेवढा नॉईज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, दिसेल तेवढा फुल फ्रेमवर ६४०० ला दिसतो, ढोबळमानाने. एपीएस-सी साधारण एक स्टॉप मागे. पण इथेच लोक फसतात. आतेभावाच्या फुजीवर ३५ एमएम एफ १.४ होती, आणि १.८ वरून १.४ वर आलं की पाऊण स्टॉपच्या आसपास उजेड जास्त येतो, म्हणजे सेन्सर लहान असल्याने जे गेलं त्यातलं बरचसं लेन्सने भरून काढलं. फुल फ्रेम बॉडी घेऊन तिच्यावर किटची, म्हणजे बॉडीबरोबर येणारी, एफ ३.५-५.६ झूम लावून फिरणारा माणूस रात्री या फुजीच्या मागे पडतो. हे मी डोळ्याने बघितलंय, शेजारी बसलेल्या एका पोराच्या स्क्रीनवर. बॉडी नवी कोरी, फुल फ्रेम, आणि शटर विसावर, म्हणजे एक विसांश सेकंद. राजा म्हणजे नुसता सोनेरी फराटा.

रंगमंचाचं सांगतो. युद्धाच्या गिरक्या असतात तेव्हा शटर २५० च्या खाली जाऊन चालत नाही, तलवारीचा हात पुसला जातो. संवादाला १२५ पुरतं. माझं नेहमीचं गणित म्हणजे ८५ एमएम, एफ १.८, शटर २००, आणि आयएसओ ३२०० ते ६४०० च्या मध्ये जिथे बसेल तिथे. आता शटर २०० वर गेलं की बॉडीतला स्टॅबिलायझर असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडत नाही, कारण हलतोय तो नट, तुमचा हात नाही. कंपन्या पाच स्टॉप, साडेसहा स्टॉप असे आकडे छापतात ते खरे आहेत, पण ते तुमच्या हाताच्या थरथरीसाठी. मृदंगावर नाचणाऱ्या माणसाला ते आकडे थांबवू शकत नाहीत. डी७५० मध्ये बॉडीत स्टॅबिलायझर अजिबातच नाही, कॅमेरा २०१४ चा, आणि तरी रंगमंचावर मला त्याची उणीव एकदाही जाणवली नाही.

रंगमंचावर पहिला नंबर ए७ थ्रीचा, आणि त्याचं कारण नॉईज नाही. नॉईजमध्ये डी७५० आणि तो ६४०० पर्यंत मला जवळपास सारखेच वाटले, दोन्ही २४ मेगापिक्सल, दोन्हींचे फोटो ए३ प्रिंटला छान जातात. कारण आहे फोकस. डी७५० मध्ये ५१ फोकस पॉइंट आहेत पण ते सगळे मधे एका चौकोनात गोळा झालेले, डीएसएलआरची, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची, रचनाच तशी असते. दशावतारात पात्रं दोन टोकांना उभी राहतात, मधे बाकडं. म्हणजे मधल्या पॉइंटने फोकस घ्या, मग कॅमेरा वळवून फ्रेम करा, आणि एफ १.८ ला एवढ्या वळवण्यात डोळ्यावरचा फोकस कानावर जातो. ए७ थ्रीमध्ये ६९३ फेज डिटेक्ट पॉइंट जवळजवळ सगळ्या फ्रेमभर पसरलेत आणि वर आय एएफ, म्हणजे डोळा शोधून त्याच्यावर फोकस धरून ठेवणारी सोय, त्यामुळे नट कडेला असला तरी डोळ्यावरचा हिरवा चौकोन त्याच्याबरोबर चालतो. गंध, काजळ, मिश्या, मुकुट असा रंगवलेला चेहरासुद्धा पकडतो. फक्त संकासुर हा राक्षस आला की आय एएफ बंद करून एकच पॉइंट घ्यायचा, कारण काळ्या बुरख्यात डोळा नसतोच, तिथे कुठलाही कॅमेरा डोळा शोधत बसणार. मी लाल जिभेच्या कडेवर फोकस ठेवतो, तिथे रंगाचा फरक मोठा असतो म्हणून फोकस पटकन बसतो.

फुजी दुसरा. एक्स-टी४ ची एक गोष्ट मला फार आवडली, शटर आणि आयएसओ दोन्हींच्या चकत्या वर आहेत आणि अॅपर्चरची रिंग लेन्सवर. अंधारात मेन्यू उघडावा लागत नाही, स्क्रीनचा उजेड मागच्या माणसाच्या डोळ्यात जात नाही, बोटांनी मोजून सेटिंग करता येतं. त्याची ३५ एमएम एफ १.४ ही २०१२ ची लेन्स, तिचा फोकस नव्या लेन्सांइतका चपळ नाही आणि फिरताना आवाज करते हे सगळ्यांना माहितीये, पण चित्र असं देते की मी ते सगळं सोसायला तयार आहे. हॅलोजनच्या पिवळ्यात जरीचा शालू आणि घामाने चमकणारं कपाळ हे फुजीच्या जेपेगमध्ये जसं आलं तसं मला रॉवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर, अर्धा तास बसूनसुद्धा बाकी तिघांतून काढता आलं नाही. ३५ एमएम असल्यामुळे पार पुढे बसावं लागलं, पोरांमध्ये, मृदंगाच्या बाजूला. तिथून फोटो वेगळेच आले. मागून ८५ ने काढलेल्या फोटोत नट दिसतो, पुढून ३५ ने काढलेल्यात नट आणि त्याच्याकडे आ वासून बघणारं पोर दोघं दिसतात.

ऑलिम्पसवर ४५ एमएम एफ १.८ होती, फुल फ्रेमच्या हिशेबाने ९० एमएम. बॉडी बॅटरीसकट ४१४ ग्रॅम, लेन्स ११६ ग्रॅम, हातात काही आहे असं वाटतच नाही. माझा डी७५० आणि ८५ मिळून १२०० ग्रॅमच्या घरात जातो आणि पहाटे चारला हे वजन मनगटात उतरतं, मग हात थरथरतो, मग शटर वाढवावं लागतं. तरी गिरक्यांसाठी हा कॅमेरा नको. ६४०० ला शटर २०० धरलं की सावल्यांतला तपशील विरघळायला लागतो, काळे केस आणि काळा पडदा एकच होतात. हा दोष कॅमेऱ्याचा नाही, लहान सेन्सरवर तेवढा उजेडच पडत नाही.

एक युक्ती सांगतो, ती चारही कॅमेऱ्यांना लागू आहे. मृदंग ऐका. पद संपताना समेवर पात्र थबकतं, हात वर, मान वळलेली, अर्धा सेकंद सगळं स्थिर. त्या अर्ध्या सेकंदात शटर ६० चालतं. म्हणजे २५० च्या जागी ६०, दोन स्टॉप मिळाले फुकटात, आयएसओ ६४०० चा १६०० झाला. लहान सेन्सरचा सगळा तोटा एका समेने भरून निघतो. दुसऱ्या जत्रेत ऑलिम्पसने मी नुसते समेवरचे फोटो काढले आणि ते फुल फ्रेमच्या बाजूला ठेवले तर कोणाला ओळखता येणार नाहीत. तीन-चार फ्रेमचा बर्स्ट मारा, म्हणजे बोट दाबून ठेवून सलग काढा, पहिल्या फ्रेमला बोट दाबल्याचा हिसका असतो, दुसरी-तिसरी बहुतेक शार्प निघते.

आता देवळामागे. तिथे एकच बल्ब लोंबत असतो, पेटाऱ्यावर आरसा टेकवून माणसं आपला चेहरा आपणच रंगवतात. बायकांच्या भूमिकासुद्धा पुरुषच करतात, त्यामुळे मिशी काढलेल्या ओठावर लाली लावणारा पन्नाशीचा माणूस आणि बाजूला चहाचा कप हे दृश्य मला रंगमंचापेक्षा जास्त आवडतं. इथे हालचाल हळू, शटर ३० ते ६० पुरतं, आणि इथे स्टॅबिलायझर कामाला येतो. शिवाय आवाज. रंगमंचावर झांजेच्या पुढे कशाचा आवाज ऐकू येणार, पण मागे शांतता असते, माणूस भूमिकेत शिरत असतो, तिथे डीएसएलआरचा आरसा फटाक करून वाजला की सगळे वळून बघतात. एक्स-टी४ चं शटर मुद्दाम शांत केलेलं आहे, तो इथे सगळ्यात बरा. त्याच रात्री एका नटाने मला बोलावलं आणि म्हणाला, "मी कसो दिसतंय ता दाखय बघया." स्क्रीनवर बघितलं आणि डाव्या भुवईची रेघ परत आरशात बघून नीट केली.

मग कोणी म्हणेल पूर्ण सायलेंट इलेक्ट्रॉनिक शटर का नाही वापरत, ते तर सगळ्या मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, असतं. कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब, सीएफएल आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे पडतात, एक उजळ एक काळा, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाहीत. पहिल्या जत्रेतले माझे चाळीसेक फोटो असेच गेले. मेकॅनिकल शटर ठेवा आणि जमेल तिथे शटर १०० किंवा ५० वर ठेवा. रंगीत एलईडीचं आणखी एक, लाल उजेडात कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं अंधार आहे आणि तो एक्स्पोजर वाढवतो, तिकडे लाल चॅनल फुटून चेहरा सपाट टोमॅटो होतो. लाल लाइट पडला की मी पाऊण स्टॉप खाली घेतो. आणि कॅमेऱ्याचा फोकस असिस्टचा दिवा पहिला बंद करा, मेन्यूत असतो, तो नटाच्या डोळ्यात जातो.

गाभारा. समईच्या पाच वाती, मागे काळी पाषाणाची मूर्ती, चांदीचा मुखवटा. काही हलत नाही, ज्योत सोडून. इथे ऑलिम्पस सगळ्यांच्या पुढे गेला. कंपनी त्याच्या बॉडीला साडेपाच स्टॉप सांगते, आणि मी उंबऱ्याबाहेर दाराच्या चौकटीला खांदा टेकवून शटर एक अष्टमांश सेकंद, आयएसओ १६००, एफ १.८ ला काढलेल्या दहा फोटोंतले सात शार्प निघाले. एक चतुर्थांशला चार. डी७५० ला तिथे ८५ ने शटर १०० च्या खाली गेलं की हाताची थरथर दिसते, म्हणजे आयएसओ वीस हजाराच्या वर न्यायचा, मग फुल फ्रेम असून काय उपयोग. ए७ थ्रीला कंपनी पाच स्टॉप सांगते, तोही इथे छान चालला, मी एक पंधरांशपर्यंत सुखाने गेलो. गाभाऱ्यात फोटोला परवानगी आहे का ते आधी पुजाऱ्यांना विचारा, बऱ्याच देवळांत नसते, आणि नसेल तर कॅमेरा खाली.

बॅटरीचं थोडक्यात. एका चार्जवर डी७५० चा अधिकृत आकडा १२३० फोटो, ए७ थ्री ७१०, एक्स-टी४ ५००, ऑलिम्पस ३१०. डीएसएलआरला व्ह्यूफाइंडरसाठी वीज लागत नाही म्हणून तो एवढा पुढे. नाटक पहाटेपर्यंत, गावात जत्रेच्या रात्री चार्जिंगला प्लग मिळत नाही, तेव्हा ऑलिम्पस नेणार असाल तर दोन जादा बॅटऱ्या खिशात.

जुनं घेणाऱ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. हे चारही कॅमेरे आता निदान एक पिढी जुने आहेत, सोनीचा ए७ फोर २०२१ ला आला, फुजीचा एक्स-टी५ आणि ऑलिम्पसच्या वारशातला ओएम-५ २०२२ ला, त्यामुळे हे सेकंडहँडमध्ये भरपूर फिरतात आणि घेण्यासारखे आहेत. पण लेन्स टॉर्च मारून बघितल्याशिवाय घेऊ नका. मी तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून "एकदम मिंट" म्हणून जुनी ५० एमएम मागवली, घरी येऊन मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूने मारली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दिवसा काही कळत नाही. रात्री हॅलोजनकडे तोंड केलं की सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा, काळं काळं राहतच नाही. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, पैसे गेले. कोकणात तर पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक लेन्सच्या मागे ही बुरशी लागलेली असते. माझ्या लेन्सा हवाबंद डब्यात असतात, सिलिका जेल घालून, आणि ते दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत डब्यात. फोर्टात बोरा बाजारात जायला जमलं तर जा, हातात घेऊन, काच उजेडात फिरवून बघता येते.

आणि नॉईजला आता पूर्वीइतकं घाबरू नका. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून एआय डिनॉईज आलंय, रॉ फाइल असेल तर ६४०० चा फोटो १६०० सारखा करून देतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला काही मिनिटं लागतात म्हणून मी निवडक दहा-पंधरालाच लावतो. पण नॉईज काढता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही, आणि चुकलेला फोकस तर नाहीच नाही. म्हणून आयएसओ वाढवायला कचरू नका, शटर कमी करायला मात्र घाबरा. मोबाइलचा नाइट मोड समईला उत्तम, तो एक-दोन सेकंदांत बरेच फोटो घेऊन एकत्र करतो. पण गिरकी घेणारा माणूस त्यात विरतो.

मला विचाराल तर, नाटक, तमाशा, गोंधळ, लग्नाची वरात असं हलतं-बोलतं काढायचं असेल तर ए७ थ्री आणि ८५ एफ १.८. देवळं, दीपमाळा, जुने वाडे, रात्रीची गल्ली, आणि पाठीला वजन नको असेल तर ऑलिम्पस आणि एखादी एफ १.८ प्राइम (झूम नसलेली लेन्स), बिनधास्त. एकाच कॅमेऱ्यात दोन्हीकडे ठीकठाक चालायला हवं असेल तर एक्स-टी४, पण एफ १.४ ची लेन्स घेणार असाल तरच. आणि ज्याच्याकडे आधीच जुना फुल फ्रेम डीएसएलआर आहे त्याने बॉडी बदलायच्या आधी एक एफ १.८ प्राइम घ्यावी, एक सीझन काढावा, मग ठरवावं.

मी स्वतः डी७५० ठेवलाय. कडेच्या पात्रासाठी आता थोडा सरकून बसतो, म्हणजे ते मधल्या पॉइंटखाली येतं. ऑलिम्पस मात्र परत करताना जड गेलं, गाभाऱ्यासाठी तसाच एक जुना शोधतोय, २५ एमएम एफ १.८ सकट. त्रिपुरी पौर्णिमेच्या आत मिळाला तर पहिली जत्रा त्याच्यावर काढणार, फक्त समेवर.